ऐकण्याचं प्रात्यक्षिक

छप्पन साली राज्याची राजधानी नागपूरहून उठून भोपाळला आली आणि तिच्यामागोमाग कारकुनांचे संसारही आले. परक्या गावात बायका एकट्या पडल्या, म्हणून कॉलेजने समाजकार्य शिकणाऱ्या मुलींना नव्या सरकारी क्वार्टरांत धाडायला सुरुवात केली. काम एवढंच, की बाईजवळ बसायचं आणि मध्ये न बोलता तिचं ऐकायचं. फक्त स्वतःच्या ओळीतली घरं घ्यायची नाहीत.

नागपूरहून आलेली सुचेता यात तरबेज निघाली. मागच्या ओळीतल्या मिश्राबाईंनी तिच्यापाशी रीव्याचं सुटलेलं घर, अंगण, मैत्रिणी, सगळं बोलून दाखवलं आणि पदराने डोळे पुसले. म्हणाल्या, "बिटिया, तुमसे बोलकर जी हलका हो जाता है."

सुचेता खुशीत घरी आली. आई पोळ्या लाटत होती.

"अगं, आज भाजीवाल्याला माझं हिंदी कळेचना, तर तो..."

"आई, नंतर सांग ना. दुपारभर ऐकून ऐकून डोकं उठलंय."

आईने तिचं ताट वाढलं. मग तव्यावरची पोळी उलटता उलटता तिने विचारलं,

"आपल्या ओळीत कधी येतील गं तुमच्या कॉलेजच्या मुली?"