मुळांवरचा काळा थर

चहाचा पहिला घोट घेताच मंदाकिनीबाईंनी कप खाली ठेवला. चहा खारट लागत होता.

"झाडाला काही केलंस का गं?" त्यांनी विचारलं.

"मुळं घासली, आई," साताऱ्याकडून आलेली नवी सून रेवती हौसेने म्हणाली. "काथ्याने, राख लावून. केवढा मेणचट काळा थर होता त्यांच्यावर!"

समुद्राने विहिरी खारवल्यापासून किनाऱ्यावरच्या प्रत्येक परसात खाडीच्या पाण्याची टाकी होती आणि तिच्यात प्रयोगशाळेत घडवलेलं तिवराचं झाड. मुळं खारं पाणी प्यायची आणि खोडाच्या तोटीतून हंड्यात गोडं पाणी ठिबकायचं.

"अगं, तो मळ नव्हता. पाण्याला आत घेऊन मिठाला दारातच अडवतो तो थर!"

रेवतीचा चेहरा उतरला. त्यानंतर आठ दिवस शेजारणींनी आळीपाळीने कळशी आणून दिली. रेवती रोज तोटीखाली ओंजळ धरून चव बघायची. खारटच. मुळांवर मात्र पुन्हा काळपट झाक चढत होती.

नवव्या दिवशी पाणी गोडं लागलं. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ थराने अख्खी खाडी थोपवली होती! रेवती बघतच राहिली.

संध्याकाळी तिने शेजारणींच्या कळशा लखलखीत घासून परत केल्या. मुळांना बोटही लावलं नाही.