तक्रारीची पोच

"काळे, तक्रार मागे घ्या, नाहीतर ही बदली घ्या." इन्स्पेक्टरांनी आदेश पुढे सरकवला.

गेल्या आठवड्यात ठाण्यात साहेबांचा मोबाईल हरवला, तेव्हा हवालदार वैजंता काळेची एकटीचीच पेटी सगळ्यांसमोर उपसली गेली; का, तर ती पारधी. मोबाईल त्यांच्याच गाडीत सापडला. माफी कुणी मागितली नाही, म्हणून सोमवारी तिने लेखी तक्रार दिली होती.

नवं ठाणं शंभर किलोमीटर लांब आणि मुलगी दहावीत. तरी तिने आदेशावर सही केली.

"जाते, साहेब. पण तक्रारीची पोच द्या."

साहेबांनी मान फिरवली. कोपऱ्यातल्या कारकून बाई मात्र उठल्या आणि त्यांनी तक्रारीच्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारला.

"तारीख सोमवारचीच टाकलीय, साहेब," त्या म्हणाल्या. "बदलीच्या आधीची."