वाटणी

"मी जिता आहे तोवर वाटणी होनार नही!" ऐंशी वर्षांच्या अभिमन आबांनी ठणकावलं आणि ओट्यावर पाठ फिरवून बसले.

नात दिपमाला तीन दिवस त्यांना समजावत होती. "आबा, दोन हिस्से केल्याशिवाय केळीची बाग बसणारच नाही."

"अन् त्याच्यासाठी आधी सगळं पुसायचं? माहा मका कनसावर आला, तो गेला तं?"

"काही जात नाही. लॅपटॉपवर कॉपी करून ठेवलीय मी."

शेवटी आबांनी बंडीच्या खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली आणि आतलं, त्यांच्या हातात धरून खेळायच्या गेम मशीनचं नखाएवढं मेमरी कार्ड नातीच्या तळहातावर ठेवलं. तिने ते लॅपटॉपला लावून पुसलं आणि त्यातल्या जागेचे दोन भाग पाडले. छोटा मशीनच्या स्वतःच्या कामाला, मोठा शेतीच्या गेमला. मका पुन्हा जागेवर आणला आणि कुण्या हौशी माणसाने त्या गेमसाठी बनवलेली केळीची बाग त्याच्या शेजारी बसवली. कार्ड परत घातल्यावर मशीनच्या पडद्यावर मका डुलत होता, बांधावर लाल ट्रॅक्टर उभा होता. आबांनी चष्मा पुसून कणसं नीट बघून घेतली.

दिपमाला हसायला लागली. "आबा, खऱ्या वावराची वाटणी तर तुम्ही बाबा-काकांना चहा निवायच्या आत करून दिली. अन् या एवढ्याशा कार्डासाठी तीन दिवस?"

आबांनी बटण दाबून ट्रॅक्टर सुरू केला.

"त्या वावरात मले आता कोन टॅक्टर चालवू देतं?"