आठ रेघा

आठच्या आठ रेघा जुळलेल्या होत्या.

मिस्त्रीनं चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, परत लावला आणि वाकून बॅटरीचा उजेड इंजिनाच्या कुशीत टाकला. प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून निघून खालच्या पोलादी पट्टीवर उतरलेली, टोच्यानं ओढलेली केसाएवढी रेघ. बोल्ट किंचित जरी फिरला असता, तरी रेघ तुटली असती. त्याची पोरगी बोल्ट आवळून झाले की ही रेघ ओढायचीच. ‘बोल्ट आवळतेस की नक्षी काढतेस?’ म्हणून तो तिची टर उडवायचा.

दोन वर्षांपूर्वी ही गाडी शर्यतीत तिसऱ्या फेरीला बसली. इंजिन आणि धुराच्या नळ्या यांच्यामधली फट बुजवणारं गॅस्केट फुटलं, आतली आग बाहेर आली आणि शेजारची वायर जळून गेली. गाडीचे मालक दातांचे डॉक्टर. रोज लोकांना ‘घाबरू नका’ म्हणणारा तो माणूस त्या दिवशी भर मैदानात किंचाळत होता. मिस्त्रीनं बॉनेट उघडूनसुद्धा पाहिलं नाही. पोरीकडे बोट केलं आणि म्हणाला, “बोल्ट हिनं आवळलेत. सैल ठेवले असतील.”

डॉक्टरांनी गाडी तशीच ओढून नेली आणि शेडमध्ये झाकून ठेवली. पोरगी पुढच्या सोमवारपासून विम्याच्या ऑफिसात जायला लागली. काल डॉक्टर गाडी परत घेऊन आले. “विकायचीय. बायकोला शेड हवीय. एवढी फटफट बंद करून द्या.”

मिस्त्रीनं बोल्ट काढले. एकेक रेघ तुटत गेली. मग त्यानं नळ्यांचा जुडगा खाली घेतला, नळ्या जिला जोडलेल्या होत्या त्या पट्टीवर सरळ फूटपट्टी आडवी धरली आणि मागून उजेड टाकला. तिसऱ्या नळीपाशी पट्टी दबलेली होती. तिथं फूटपट्टीखालून उजेड आरपार येत होता.

नळ्यांचं वेल्डिंग त्याचं स्वतःचं होतं. वेल्ड करताना पट्टी जाड लोखंडाला बांधून घ्यायची, नाहीतर गार होताना ती ओढली जाते, हे पोरीला त्यानंच घोकवून घोकवून शिकवलं होतं. हे वेल्डिंग करताना मात्र घाई होती.

त्यानं तिला फोन केला. जेवणाच्या सुट्टीत ती आली. गॅरेजच्या शटरची खाच ओलांडली नाही, बाहेरच उभी राहिली. इस्त्रीची सलवार, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र.

“पट्टी वाकडी निघाली,” मिस्त्री म्हणाला.

“तिसऱ्या नळीपाशी.”

त्यानं चमकून पाहिलं. ती गाडीकडे बघतही नव्हती.

“तुला ठाऊक होतं?”

“आवळताना हाताला कळतं, बाबा. मी तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?”

आठवत होतं. नाचता येईना, अंगण वाकडं, असं म्हणाला होता तो. वर हसलाही होता.

“मग मैदानात का नाही बोललीस?”

“तिथं बोलले असते, तर परत कुणी आलं असतं तुमच्याकडे?”

हातातल्या फडक्यानं मिस्त्री आधीच पुसलेला पाना पुसत राहिला. “चुकलं माझं,” तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत असल्यासारखा आवाज फाटला. “पोरी, चुकलं माझं. परत ये.”

तिचे डोळे भरले, पण ती तिथंच उभी राहिली.

“दोष चारचौघांत दिलात, बाबा. चूक कबूल करायला मला एकटीला बोलावलंत.” तिनं घड्याळ पाहिलं. “नवीन गॅस्केट टाकल्यावर इंजिन तापवा, पूर्ण गार होऊ द्या आणि मग परत आवळा. तुम्ही विसरता.”

ती गेली.

त्या दुपारी मिस्त्रीनं काचेवर पॉलिश पेपर पसरला आणि पट्टी घासायला बसला. दर दहा मिनिटांनी फूटपट्टी लावून बघायचा. उजेड दिसेनासा झाला तेव्हा दंड भरून आले होते. जळलेली वायर बदलली, गॅस्केट टाकलं, आवळलं, तापवलं, गार केलं, परत आवळलं. शेवटी टोच्या घेऊन रेघा ओढायला गेला. तिच्यासारखी एकही जमली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले.

“डॉक्टर, त्या दिवशी माझी चूक होती,” मिस्त्री म्हणाला. “माझं वेल्डिंग वाकडं होतं. पोरीनं बोल्ट चोख आवळले होते.”

“अहो, जाऊ द्या. दोन वर्षं झाली त्याला. आणि तिचं तर बरंच झालं की. पंख्याखाली बसते, हात काळे होत नाहीत.” डॉक्टर गाडीत बसले. “फटफट गेली ना? झालं तर.”

मिस्त्रीनं खिडकीच्या काठावर हात ठेवला.

“त्या दिवशी मैदानात जे होते, त्यांना सांगाल एवढं?”

“कोण कोण होतं, ते मला काय आठवणार?”

“मला आठवतंय,” मिस्त्री म्हणाला. “झेंडेवाला होता. टायरवाले दोघं भाऊ. तुमचा मेहुणा. चहाची किटली घेऊन फिरणारी बाई होती, ती पोरीकडे बघत राहिली होती. लाल गाडीचा ड्रायव्हर...”

डॉक्टरांनी किल्ली फिरवली. गार इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं, आणि इतकं स्वच्छ चालायला लागलं, की मिस्त्रीचा शब्दन् शब्द त्यांना ऐकू येत होता.