एक साधी आग

“अरे, एक साधी आग मिळेना तुला?” मावशी फोनवर ओरडली. “तुझ्याबरोबरची पोरं विझवून मोकळी झाली. नोकरीला लागली. एकाचं तर लग्नसुद्धा ठरलं.”

“मग काय, मी स्वतः लावू?”

“मी असं म्हटलं का? शेजारच्या काकूंचा कुकर उडाला होता मागे. तो चालतो का विचार.”

कुकर चालत नव्हता. सुरक्षा आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची शेवटची अट अगदी सरळ होती. विद्यार्थ्याने एक खरीखुरी आपत्ती पहिल्या फोनपासून शेवटच्या अहवालापर्यंत हाताळायची आणि तिथल्या अधिकाऱ्याची तशी सही आणायची. बाकी सगळ्या विषयांत तो पहिला होता. आपत्ती तेवढी मिळत नव्हती. पूरनियंत्रण कक्षात पाठवलं, तर भर पावसाळ्यात नदी ओसरली. रसायनांच्या कारखान्यात पाठवलं, तर तिथल्या नर्सने रिकामपणी सगळ्या कामगारांना स्वेटर विणून दिले. शेवटी विभागप्रमुखांनी त्याला या अग्निशमन केंद्रात धाडलं. तिथे तरी काही पेटेल, असं त्यांना वाटलं होतं.

काही पेटलं नाही. आगीची वर्दी ज्या फोनवर यायची, तो इतका गप्प होता की तो चालू आहे ना, हे बघायला जवान अधूनमधून स्वतःच तिथे फोन करत.

त्याला सगळे ‘डिग्री’ म्हणत. “डिग्री, जरा बाहेर उभा राहा बाबा, चहा ठेवायचाय,” स्वयंपाकी रोज सांगायचा. हा स्वयंपाकघरात असला की काडी पेटायची नाही. हा दाराबाहेर गेला की पहिल्याच ओढीला भक्कन पेटायची. हवा फार दमट आहे, असं डिग्रीचं मत होतं.

एकदाच तो गावाबाहेर गेला. बहिणीचं लग्न होतं. परत आला तेव्हा जवान गमबुटांसकट जमिनीवर आडवे झाले होते. कापसाचं गोदाम जळालं होतं, त्याला लागून असलेली अख्खी गल्ली जळाली होती. बंबाच्या चालकाला भुवया उरल्या नव्हत्या.

त्याला रडूच फुटलं. “काय फुटकं नशीब आहे माझं! नेमका मी नसताना?”

एरवी त्याच्या साध्या शिंकेवरही विनोद करणारी ती माणसं. त्या दिवशी कोणी हसलं नाही. चालक फक्त म्हणाला, “आता कुठे जाऊ नकोस रे बाबा.” दुसऱ्या दिवसापासून पहिला चहा त्याला मिळू लागला. सगळ्यात मऊ गादी त्याची झाली. त्याने जायचा विषय काढला की केंद्राच्या प्रमुख मॅडम म्हणायच्या, “उद्या बघू.” किती प्रेम करतात ही माणसं, असं त्याने मावशीला कळवलं. मावशी म्हणाली, प्रेमावर कोणी पदवी देत नाही.

आणि आज ‘उद्या’ संपला होता. संध्याकाळपर्यंत सही विद्यापीठात पोचली नाही, तर पदवी गेली. पदवी गेली की बंदरावर ठरलेली नोकरीही गेली. विद्यापीठ दुसऱ्या शहरात होतं. तो मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला.

“एवढंच सांगा मॅडम, मी इतका वाईट विद्यार्थी आहे का?”

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं. मग खिडकीबाहेर बघितलं. घरांच्या रांगा, गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे, शाळेचं पत्र्याचं छप्पर.

“नाही रे. तुझ्यासारखा आम्हाला कधी मिळालाच नव्हता.” त्या दारात उभ्या असलेल्या चालकाकडे वळल्या. “किती दिवस अडवून ठेवायचं पोराला? त्यालाही त्याचं आयुष्य आहे.”

भुवया नसल्यामुळे चालकाच्या चेहऱ्यावरून काही कळत नसे.

मॅडमनी सही केली. घटनेचं नाव लिहायची जागा मात्र कोरी ठेवली. “तिथलं मी विद्यापीठाला मागाहून कळवते.”

“पण मॅडम, हे खोटं होईल.”

“नाही होणार,” मॅडम म्हणाल्या. “जेवून जा. आणि सावकाश जेव.”

तो सावकाश जेवला. ताटाशी कोणी बसलं नाही, सगळ्यांची बाहेर लगबग चालली होती. टाक्यांत पाणी पडल्याचा आवाज येत होता. भिंतीपलीकडे एक जवान बायकोशी फोनवर बोलत होता. “पोरांना शाळेतून घेऊन ये. गॅसची टाकी बाहेर ठेव. हो, आत्ता. आणि आईला खाली अंगणात आणून बसव.” संसारी माणसांच्या कटकटी, असं म्हणून त्याने ताक संपवलं.

बॅग घेऊन तो आवारात आला आणि थबकला.

दोन्ही बंब फाटकाकडे तोंड करून घरघरत उभे होते. अंगावर जाड कोट, डोक्याला हेल्मेट, पाठीवर हवेच्या नळकांड्या, अशा वेशात सगळे जवान दुतर्फा उभे. बंबाच्या भोंग्यात चिमणीने केलेलं घरटं कोणीतरी अलगद काढून खिडकीत ठेवलं होतं. कोणी हलत नव्हतं. हेल्मेटच्या काचांमागे नुसते डोळे दिसत होते, आणि सगळे डोळे त्याच्या पायांकडे लागले होते.

विद्यापीठात पहिला आला तेव्हाही त्याला एवढा मान कोणी दिला नव्हता.

“अहो, निरोपाला एवढा थाट कशाला?” तो कसाबसा म्हणाला. “नुसता हात हलवला असता तरी चाललं असतं.”

मॅडमनी हनुवटीखालचा पट्टा आवळला आणि स्वतः जाऊन त्याच्यासाठी फाटक उघडलं.

“निरोपाला नाही रे उभे आम्ही,” त्या म्हणाल्या. “तू बाहेर पाऊल टाकलंस, की पहिली वर्दी येईल.”