मुक्या जिवाचं औषध

डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल दोनदा वाचला आणि चष्मा पुसत म्हणाले, "थेल्माबाई, लाइम आजारच निघाला. गोचीड चावून होतो." "तीन वर्षं तेच सांगतेय मी! तुम्ही म्हणालात, अमेरिकेच्या या थंड टोकाला, आपल्या मेन राज्यात तसली गोचीड नाही. वर म्हणालात, नवरा गेल्याचं मनाला लागलंय, फिरायला जा." समुद्रातली शेवंडं पकडायचे जाळीचे पिंजरे विणणारी तिची बोटं आता वाकत नव्हती. "ही सुटतील का?" "उशीर झालाय, सांगता येत नाही," म्हणत त्यांनी चिठ्ठीवर गोळ्यांचं नाव लिहिलं. ते वाचताच तिने पिशवीतून रिकामी बाटली काढून टेबलावर आदळली. बाटलीवर त्याच गोळ्यांचं नाव, तारीख तीन वर्षांपूर्वीची, रुग्ण: बस्टर, कुत्रा. "माझ्याबरोबरच हाही लंगडायला लागला होता. जनावरांच्या डॉक्टरने तासाभरात रोग ओळखून गोळ्या दिल्या. आज खारींमागे धावतोय. मुका जीव, म्हणून त्याचं रक्त तपासलं. मी मेली बोलत बसले!"