खोलीत होतं त्याचं नाव

सलग तिसऱ्या मंगळवारी आर्डिथ लिपस्टिक लावून गाणी लिहायला निघाली, तेव्हा हॉलिस प्रुइटच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"गाणी लिहायला ओठ लागतात होय गं?" त्याने बायकोला विचारलं.

"गायला तर लागतात," ती म्हणाली आणि गिटार उचलून गेली.

नऊ वर्षांनी तिचा नवा अल्बम येत होता. आधीच्या चारही अल्बमची गाणी तिने याच स्वयंपाकघरात, हॉलिसच्या समोर बसून रचली होती. कडवं जमेना की ती त्याच्यावर खेकसायची आणि तो गुपचूप कॉफी करायचा. यंदा मात्र ती नॅशव्हिलात, गाणी लिहिणाऱ्यांच्या त्या शहरात जाऊन, दार लावून लिहीत होती. तेही कुणाबरोबर तरी. कुणाबरोबर ते सांगायला तयार नव्हती.

"एवढं काय लपवायचंय त्यात?" त्याने एकदा विचारलंच.

"लपतंय कुठे? अल्बम आला की वाच. खोलीत होतं त्याचं नाव."

हा नियम नॅशव्हिलात बायबलइतका पाळतात. गाणं रचलं जात असताना जो खोलीत असतो त्याचं नाव गाण्यावर लागतं, मग त्याने एकच शब्द का सुचवला असेना. अल्बमच्या पाठीवर ते छापून येतं. बघूच, हॉलिसने ठरवलं.

पण धीर कुठून आणायचा? त्या संध्याकाळी गाडी धुण्याचं निमित्त करून तो तिच्या गाडीत शिरला. शेजारची सीट पार मागे सरकवलेली होती. म्हणजे बसणाऱ्याचे पाय लांब. तिच्या अल्बममध्ये स्टील गिटार वाजवणारा रस्टी गेदर चांगला सव्वासहा फूट होता, शिवाय त्याची बायको त्याला सोडून गेलेली. हॉलिसला आणखी पुरावा नको होता. ओला फडका हातात घेऊन तो तसाच बसून राहिला. रागाच्या आधी त्याला भीती वाटली. एकतीस वर्षांच्या संसारात आर्डिथ आपल्याला सोडून जाईल असं त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं.

गुरुवारी तो मासे पकडायला गेला. दर गुरुवारी जायचा. वाटेत हमरस्त्यावरच्या खानावळीत थांबला. उतरण्यापूर्वी लग्नाची अंगठी काढून गाडीच्या ॲशट्रेत ठेवली. पॅनकेकवरच्या पाकाने बोटं चिकट होतात.

डोव्ही शेलनट तिथे वाढायची. ताडमाड बाई. तिचं डोकं आपटतं म्हणून मालकाने टेबलांवरचे दिवे वर चढवून घेतले होते.

"तो रस्टीच आहे," हॉलिस तिला म्हणाला.

"डोळ्यांनी बघितलंस?"

"सीट बघितली."

"सीट बघून माणूस ओळखतोस! शेरीफ का नाही झालास रे?"

"चेष्टा नको, डोव्ही. मला घास उतरत नाहीये."

डोव्ही समोर येऊन बसली. पुढ्यातलं ताट निम्मं संपलं होतं, त्याकडे तिने एकदा बघितलं. "मग सोड ना तिला."

"अगं, एकतीस वर्षं झाली लग्नाला."

"गेल्या वर्षी तीस झाली होती."

हॉलिसने पॅनकेकचा आणखी एक तुकडा पाकात बुडवला. डोव्हीने ऑर्डर घ्यायची वही काढली आणि त्यात काहीतरी खरडलं. खरं तर त्याने आणखी काही मागवलं नव्हतं.

"मंगळवारी पण येऊ का?" त्याने विचारलं. "घर खायला उठतं."

"मंगळवारी मी नसते हल्ली."

दुपार तशीच गेली. गळाला काही लागलं नाही, म्हणून येताना त्याने दुकानातून दोन मासे घेतले. रिकाम्या हाताने घरी कोण जाणार?

आर्डिथने माशांवरचा कागद सोडला. "साफ करूनच आणलेस?"

"तळ्यावरच केले."

"गुणाचा गं बाई माझा नवरा!" ती म्हणाली. हात पुसून तिने विजेच्या बिलाच्या पाठीवर दोन ओळी लिहिल्या आणि मासे तळायला टाकले.

रविवारी चर्चबाहेर हॉलिसने रस्टीला गाठलं. "मंगळवारी सकाळी कुठे असतोस रे तू?"

"अंथरुणात. एकटाच, देवाच्या कृपेने." रस्टीने टोपी काढली. "मी फक्त वाजवलंय, हॉलिस. वाजवताना रडू आलं, ती गोष्ट वेगळी." आणि मयताच्या घरी खांद्यावर हात ठेवतात तसा त्याने हॉलिसच्या खांद्यावर हात ठेवला.

चोराच्या उलट्या बोंबा, हॉलिस मनात म्हणाला.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी भर दुपारी अल्बमचं खोकं दारात येऊन पडलं. आर्डिथने ते ओसरीवरच फोडलं. आज शनिवार असूनही तिने लिपस्टिक लावली होती.

"घे. पहिली प्रत तुझी."

पुढच्या बाजूला तिचा फोटो होता आणि वर मोठ्या अक्षरांत नाव : 'गुरुवार'.

"मंगळवार का नाही?" त्याने टोमणा मारला.

"मंगळवारी नुसतं लिहिलं," ती म्हणाली.

हॉलिसने अल्बम उलटा केला. नजर आधी तळाशी गेली. रस्टी गेदर, स्टील गिटार. बस, तेवढंच. त्याच्या जिवात जीव आला. आपलीच लाज वाटली. बायकोच्या पाया पडून माफी मागावी असंही क्षणभर वाटून गेलं. मग कौतुकाने, सावकाश, तो वरून गाणी वाचायला लागला.

पहिलं होतं 'ॲशट्रेतली अंगठी'. दुसरं 'साफ केलेले मासे'. तिसरं 'गेल्या वर्षी तीस'. आणि दहाच्या दहा गाण्यांखाली तीच दोन नावं होती : आर्डिथ प्रुइट, डोव्ही शेलनट.